न उडालेले तास

"फ्लाय सत्तावीस, लॉग चाळीस. सर, बेस्ट पॅकेज आहे."

पुण्यातलं एक छोटंसं ऑफिस, भिंतीवर ढगांचा वॉलपेपर, टेबलावर प्लॅस्टिकचं बोइंग. समोरच्या काउन्सेलरनं हे वाक्य इतक्या सहज टाकलं की पहिल्यांदा मला अर्थच लागला नाही. दोन पिझ्झ्यांवर एक फुकट, तसं काहीतरी वाटलं. मग त्यानं नीट समजावलं. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे पीपीएलसाठी, आपल्याकडे किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्यांची शाळा दुसऱ्या राज्यात. तिथे जाऊन राहायचं, सव्वीस-सत्तावीस तास उडायचं, उरलेले तास लॉगबुकात 'ॲडजस्ट' होतात. एकूण ३ लाख ७५ हजार, राहणं-खाणं वेगळं.

मी गप्प बसलेला बघून तो म्हणाला, "तुम्हाला कुठे एअरलाइनमध्ये जायचंय? हौसच आहे ना?"

हो, हौसच आहे. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, हिंजवडीत बॅकएंडचा कोड लिहितो आणि मला विमान चालवायला शिकायचंय. यापलीकडे त्याला काही कारण नाही. वडील एसटीत ड्रायव्हर होते, त्यांच्या मागच्या सीटवर बसून मी स्टिअरिंगकडे बघत लहान झालो, असं काहीतरी भावुक सांगता येईल, पण ते पूर्ण खरं नाही. मला फक्त उडायचंय.

"विचार करून सांगतो," म्हणून मी उठलो. तिथल्या तिथे नाही म्हणालो नाही, हे आधीच कबूल करतो. दुसऱ्या एका शाळेनं मला तासाला १४ हजार सांगितले होते. चाळीस तासांचे ५ लाख ६० हजार. दोन्हींत फरक १ लाख ८५ हजारांचा. आणि त्याच महिन्यात गावच्या घराच्या गळक्या स्लॅबसाठी मिस्त्रीनं जो आकडा दिला होता, तोही जवळजवळ तेवढाच होता.

परतीच्या बसमध्ये मोबाइलवर भागाकार केला. ३ लाख ७५ हजार भागिले २७. उत्तर आलं १३,८८९. प्रामाणिक शाळेच्या दरापेक्षा तासाला १११ रुपये कमी. म्हणजे विमान तितकंच महाग होतं, इंधन तितकंच महाग होतं. ते मला सत्तावीस तास बाजारभावानंच विकत होते आणि तेरा तासांची फक्त शाई देत होते.

या शाईला वैमानिकांच्या जगात जुना विनोद आहे. पी-५१ हे दुसऱ्या महायुद्धातलं गाजलेलं अमेरिकन लढाऊ विमान आणि पार्कर ५१ हे त्याच काळातलं गाजलेलं फाउंटन पेन. पेनानं लिहून वाढवलेल्या तासांना 'पी-५१ चे तास' म्हणतात. विनोद इतका जुना आहे, म्हणजे प्रकारही तितकाच जुना असणार.

भागाकाराचा एक फायदा झाला. बाकीच्या शाळांचे दरही मी नीट बघायला लागलो. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हे खूळ असेल तर सांगतो, तासाचा दर हा या धंद्यातला सगळ्यात फसवा आकडा आहे. तास मोजला जातो तो विमान जागेवरून हललं तिथपासून परत येऊन थांबेपर्यंत. म्हणजे रनवेच्या तोंडाशी इंजिन सुरू ठेवून प्रवासी विमानं जाण्याची वाट बघितलीत, तर तेही तुमच्याच तासात आणि तुमच्याच बिलात. गर्दीच्या विमानतळावरचा बारा हजारांचा तास आडगावच्या रिकाम्या धावपट्टीवरच्या चौदा हजारांच्या तासापेक्षा महाग पडू शकतो. मग विचारायचं, विमानं किती? आणि त्यातली आज उडण्याच्या अवस्थेत किती? हे दोन वेगळे आकडे असतात. एका शाळेच्या वेबसाइटवर पाच विमानं होती. हँगरमध्ये पाचही दिसली, पण दोघांना इंजिन नव्हतं. इन्स्ट्रक्टर किती, त्यांच्यामागे विद्यार्थी किती, हेही बघायचं. डीजीसीएनं २०२५ च्या ऑक्टोबरपासून शाळांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे आणि पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा नव्हती, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि सगळे पैसे आगाऊ भरायचे नाहीत. अमेरिकेत सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स नावाची मोठी शाळा २००८ मध्ये एका रात्रीत बंद पडली, तेव्हा हजारो विद्यार्थ्यांची कर्जं डोक्यावर राहिली आणि शिक्षण अर्ध्यात.

पण हे सगळं व्यवहाराचं झालं. मला छळत होता तो दुसराच प्रश्न. न उडालेला तास वहीत लिहिण्यात नेमकं वाईट काय आहे? 'खोटं बोलणं पाप' हे उत्तर मला चालणार नव्हतं, कारण त्या हिशेबात मी आधीच बुडालेलो आहे. माझं कारचं लायसन्स एजंटनं काढलंय. आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढताना माझा पाय क्लचवर होता आणि शेजारी बसलेल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचा ब्रेकवर. साहेबांनी मान हलवली, मी पास. वाचताना तुम्ही हसला असाल तर तुमचंही तसंच झालं असणार. दर शुक्रवारी संध्याकाळी मी टाइमशीट भरतो. रोजचे आठ तास, क्लायंटच्या नावावर. आठपेक्षा कमी लिहिलं तर सिस्टिम पान पुढे जाऊच देत नाही. मग तेरा तासांसाठीच मला एवढा सोवळेपणा का सुचावा? विमान पडलं तर जीव जातो म्हणून? जीव तर कारनंही जातो.

शिवाय काउन्सेलरच्या बाजूनं एक भक्कम युक्तिवाद आहे, तो त्यानं केला नाही म्हणून मी करतो. तास म्हणजे कौशल्य नव्हेच. ओटो लिलिएन्थाल हा जर्मन माणूस टेकडीवरून स्वतः बनवलेल्या ग्लायडरनं उडायचा. १८९६ च्या ऑगस्टमध्ये पडून गेला तोवर त्यानं दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केली होती. विल्बर राइटनं नंतर हिशेब मांडला तेव्हा पाच वर्षांतला हवेतला एकूण वेळ भरला जेमतेम पाच तास. पाच तासांत त्या माणसानं राइट बंधूंना पुरेल इतकं शिकून ठेवलं. उलट बाजूला १२ फेब्रुवारी २००९ ची रात्र. अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान उतरता उतरता पडलं, ५० माणसं गेली. वेग कमी झाल्यावर विमानानं कॅप्टनला इशारा दिला. अशा वेळी नाक खाली दाबायचं असतं, हे पहिल्या काही धड्यांत शिकवतात. त्यानं दांडा मागे ओढला. त्याच्या नावावर ३,३७९ तास होते. त्या अपघातानंतर अमेरिकेनं सहवैमानिकालाही साधारण १,५०० तासांची अट घातली, आणि गंमत म्हणजे त्या कॉकपिटमधल्या दोघांचेही तास त्याहून जास्तच होते. मग चाळीस हा आकडा तरी कुठल्या देवानं सांगितलाय? मला सत्तावीस तासांत येत असेल तर?

हे उत्तर मला बरेच दिवस पटलेलं होतं. आता तितकंसं पटत नाही, ते कोलगनच्याच अहवालातल्या एका तपशिलामुळे. त्या कॅप्टननं उड्डाणाच्या काही परीक्षांमध्ये नापास झाल्याचं नोकरीच्या वेळी कंपनीला सांगितलं नव्हतं. त्याची वही वाचणाऱ्याला ३,३७९ दिसत होते. त्याला काय येत नाही, ते दिसत नव्हतं.

अण्णांना फोन केला. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, विनाअपघात सेवेबद्दल सत्कार झालेला. वाटलं होतं, ते मला झापतील.

"घे की तेच," ते म्हणाले. "शिकायचं ते तू शिकशीलच. कागदाचं काय एवढं."

"अण्णा, पण खोटे तास..."

"माझं हेवीचं लायसन पण एजंटानंच काढलं होतं. कुणाला धडकलो का मी?"

आता याच्यावर काय बोलायचं? धडकले नाहीत. फोन ठेवल्यावर आठवलं की लायसन्सच्या आधी अण्णा चार वर्षं मामांच्या ट्रकवर क्लीनर होते. रात्री मामा झोपले की रिकामा ट्रक हेच चालवायचे. एजंटनं कागद काढला तेव्हा गाडी त्यांच्या हातात बसलेली होती. कागद खोटा होता, पण तो खऱ्याच्या मागून आला. माझा कागद खऱ्याच्या तेरा तास पुढे जाणार होता. हा फरक मला महत्त्वाचा वाटला. अण्णांना तो सांगितला असता तर ते म्हणाले असते, तू फार विचार करतोस.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीसच्या अंगठीची गोष्ट आहे. अंगठी फिरवली की माणूस अदृश्य होतो. प्रश्न असा की कुणी बघतच नसेल तर माणूस नीट वागेल का? लॉगबुकाच्या बाबतीत मला वाटतं, या कोड्यात एक गोष्ट राहून गेलीय. अंगठी घातलेल्या माणसाला निदान आपण अंगठी घातलीय हे माहीत असतं. वहीत मात्र खरे आणि खोटे तास एकाच निळ्या शाईत, एकाच अक्षरात असतात. बेरीज एकच येते. पाच वर्षांनी कुणी विचारलं तर मी चाळीसच सांगणार आणि मलाही ते खरंच वाटणार.

तरीही निर्णय असा एका क्षणी झाला नाही. आधी स्लॅबचं काम केलं, मे महिन्यात, पाऊस यायच्या आत. बचतीतलं जे उरलं त्यातून सप्टेंबरपासून चौदा हजारवाल्या शाळेत जायला लागलो. पहाटेची एसटी, मग रिक्षा. पंधरा दिवसांतून एकदा, कधी तीन आठवड्यांनी. शिकण्याची ही सगळ्यात वाईट पद्धत आहे, कारण प्रत्येक वेळी पहिली वीस मिनिटं मागचं आठवण्यात जातात आणि त्या मिनिटांचेही पैसे पडतात. रोज उडणारा विद्यार्थी माझ्यापेक्षा स्वस्तात शिकतो. पण एकरकमी पैसे नाहीत, सुट्टी नाही, म्हणून हे असं.

विमान सेसना १५२. दोन माणसं खांद्याला खांदा घासून बसतात. सुरुवातीला उडण्याआधीचंच काम मला जास्त आवडलं. विमानाभोवती फिरून एकेक भाग हातानं हलवून बघायचा, पंखाखालच्या नळीतून थोडं इंधन काचेच्या नळकांड्यात घेऊन त्यात तळाशी पाणी साचलंय का ते उजेडात धरून बघायचं. हे इंधन फिकट निळं असतं. हवेत गेल्यावर मात्र मी पहिले तीन धडे दांड्याशी कुस्ती खेळलो. इन्स्ट्रक्टर माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, मी त्यांना सर म्हणायचो. ते म्हणायचे, "दोन बोटं. फक्त दोन बोटं. आणि काट्यांकडे नको, बाहेर क्षितिजाकडे बघा." मी आयुष्यभर स्क्रीनकडे बघितलेला माणूस, नजर काट्यांकडेच जायची.

जानेवारीत सर एअरलाइनमध्ये गेले. त्यांच्या जागी मॅडम आल्या. आम्ही एकमेकांना कधी बघितलेलं नव्हतं. त्यांनी नमस्कार-चमत्कार न करता माझं लॉगबुक मागितलं आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. पाचेक मिनिटं तरी गेली असतील. मग म्हणाल्या, "स्टॉल दोनदाच झालेत. सर्किट सुरू आहेत, पण बाजूच्या वाऱ्यात एकही लँडिंग नाही तुमचं."

"नाही, मॅडम."

"ठीक आहे. आज वारा आहे थोडा. मी हात जवळ ठेवते."

तिसऱ्या लँडिंगला मी जमिनीच्या बऱ्याच वर असतानाच दांडा मागे घेतला. विमान फुग्यासारखं पुन्हा वर उचललं गेलं, वेग उतरला आणि वाऱ्यानं नाक एका बाजूला सरकायला लागलं. मला हे सगळं दिसत होतं आणि मी काहीच करत नव्हतो. मॅडमचा हात दांड्यावर होता, थ्रॉटल पुढे गेलं होतं, आम्ही पुन्हा वर चढत होतो. सगळं मिळून दोन सेकंद. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "परत येऊया."

घरी जाताना एसटीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. त्यांचा हात जवळ होता, कारण वहीत तसं लिहिलेलं होतं. वहीत वीस तास आणि बाजूच्या वाऱ्यातली सहा लँडिंग्ज असती तर त्यांनी मला आणखी सेकंदभर वेळ दिला असता. चांगला इन्स्ट्रक्टर विद्यार्थ्याला चूक सुधारायला वेळ देतोच, आणि किती द्यायचा हे तो वहीवरून ठरवतो. तो सेकंद कुठे गेला असता, हे मला सांगता येत नाही.

आणि मग ऑफिसातली ती जुनी गोष्ट आठवली, जी मी कुणाला सांगितलेली नाही. पहिल्या कंपनीत नियम होता की कोडचा ऐंशी टक्के भाग टेस्टखाली आलेला दिसला पाहिजे. रिलीज तोंडावर होती. मी डझनभर टेस्ट अशा लिहिल्या की त्या फंक्शनला हाक मारायच्या, पण उत्तर बरोबर आलं की चूक, हे तपासायच्याच नाहीत. हिरवी टिक आली. कोड खरोखर बरोबर होता, म्हणून कुणाचंच नुकसान झालं नाही. दीड वर्षानं एका नव्या मुलीनं त्याच कोडमध्ये बदल केला. टेस्ट चालवल्या, सगळं हिरवं. शनिवारी रात्री पेमेंट अडकायला लागली. सोमवारच्या मीटिंगमध्ये तिलाच विचारलं गेलं, "नीट टेस्ट का नाही केलंस?" मी त्याच मीटिंगमध्ये होतो. तोंड उघडलं नाही. ती मुलगी चुकली ती एवढीच, की माझं लिहिलेलं तिनं खरं धरलं.

तासाचं खोटं एका वहीत मावतही नाही. इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असेल तर माझा तास त्याच्याही वहीत जातो. विमानाच्या नोंदवहीत जातो, तिच्यावरून इंजिन कधी उघडायचं ते ठरतं. इंधनाच्या हिशेबात जातो. सेसना १५२ तासाला साधारण तेवीस-चोवीस लिटर पिते. तेरा तास म्हणजे तीनशे लिटर इंधन, जे कुणी जाळलेलंच नाही. एक खोटं जुळवायला चार वह्या लागतात. आणि त्या पॅकेजमधल्या इन्स्ट्रक्टरला माझ्यासारखी हौस नसते. तो तास जमवत एअरलाइनची वाट बघत असतो. माझ्या खोट्या तासांतले काही त्याच्या वहीतून पुढे जाऊन अशा कॉकपिटमध्ये बसणार, जिच्या मागे १८० माणसं असतील. काउन्सेलरच्या 'तुम्हाला कुठे एअरलाइनमध्ये जायचंय' या प्रश्नाचं उत्तर मला असं उशिरा सुचलं.

आणि जे खरे उडाले त्यांचं काय? आपल्याकडे २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने काढल्याच्या प्रकरणात वैमानिकांना अटक झाली, तेव्हा संशय सगळ्यांवरच आला. २०२० च्या जूनमध्ये पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितलं की देशातल्या ८६० वैमानिकांपैकी २६२ जणांचे परवाने संशयास्पद आहेत. त्या आकड्यावर नंतर वाद झाला, पण युरोपनं काही दिवसांतच पीआयएची उड्डाणं थांबवली आणि ती बंदी उठायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. त्या चार वर्षांत ज्यानं एकेक तास घामानं कमावला होता, त्याचीही वही जगानं संशयानंच वाचली असणार.

एवढं सगळं लिहून मी स्वतःला फार सरळ ठरवतोय असं वाटत असेल तर सांगतो, परवाच्या शुक्रवारीही टाइमशीटमध्ये आठच तास भरलेत. त्या मुलीला फोन करून सांगावं असं महिनाभर मनात आहे. नंबर आहे. केलेला नाही.

गेल्या रविवारी साडेसातला धावपट्टीवर पोचलो. आधीच्या विद्यार्थ्याचं विमान उशिरा आलं. आम्ही निघेपर्यंत ऊन तापलं होतं, एप्रिलमध्ये दहा वाजले की हवा उकळायला लागते. दोन सर्किट झाल्यावर वारा वाढला आणि मॅडमनी थांबवलं. उतरून त्यांनी वेळ बघितली आणि वहीत लिहिलं, ० तास ३५ मिनिटं. त्याचे ८,१६७ रुपये झाले. आठ महिन्यांची बेरीज, ११ तास २५ मिनिटं. अजून एकट्यानं उडालेलो नाही. या गतीनं चाळीस व्हायला आणखी वीस महिने लागतील, आणि पैसे त्याच्या आधी संपतील. काय करायचं ते ठरलेलं नाही.

रात्री अण्णांचा फोन आला. "किती झाले तास?"

"अकरा तास पंचवीस मिनिटं."

"अजून अकराच?" थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, परवाच्या अवकाळी पावसात स्लॅब पुन्हा एका कोपऱ्यात झिरपलाय, मिस्त्रीला उद्या बोलावलंय.